फोटो 'सुधारायला' कुठून शिकावं? (मिलचा जुना ग्रुप फोटो, गड्ड्याचे फोटो वगैरे)

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. फोटो एडिटिंग शिकायचं डोक्यात घेतलंय, पण सुरुवात कुठून करावी ते समजेना. माझ्याकडे दोन प्रकारचं काम आहे.

एक म्हणजे आजोबा जुन्या मिलमध्ये साचेखात्यात (मागांच्या खात्यात) होते, त्या खात्यातल्या कामगारांचा ग्रुप फोटो. ब्लॅक अँड व्हाइट, आता पिवळा पडलेला, मधोमध घडीची रेघ आणि उजव्या कोपऱ्यात ओल लागून डाग. चुलतभावाने कुठल्याशा मोबाइल अ‍ॅपमधून तो 'एनहान्स' केला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. आत्या तेवढी म्हणाली, "फोटो झकास आहे रे, पण ह्यात आपले अण्णा कुठले?" अ‍ॅपने सगळ्यांना एकच नाक आणि एकसारख्या भुवया बसवल्या आहेत. मागच्या पाटीवरची अक्षरं तर कुठल्या ग्रहावरची आहेत देव जाणे.

दुसरं काम म्हणजे मी स्वतः काढलेले गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे फोटो. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. भर दुपारचं ऊन, सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे). फोटोत बाराबंदीचा नुसता पांढरा डाग दिसतो आणि चेहरे काळेठिक्कर.

क्लास लावावा का? एका ठिकाणी चौकशी केली तर फोटोशॉप, कोरल आणि लग्नाचा अल्बम असं पॅकेज सांगितलं. मला अल्बम करायचे नाहीत. लॅपटॉप साधा आहे, आठ जीबी रॅमचा. फुकटचं चालेल, विकतचं घ्या म्हणत असाल तर का ते सांगा.

बाळीवेसचा_बाब्या

काय बे, एवढं लिहिण्यापेक्षा नवी पेठेत दे की टाकून. दोन दिवसांत करून देतेत.

कडकभाकरी

@बाब्या, देता येईल, पण शिकायचंय की बे.

बाळीवेसचा_बाब्या

शिक मग. पहिला माझा फोटो कर. पोट कमी, केस जास्त.

हिस्टोग्राम_काकू

@कडकभाकरी, क्लासची घाई नको. त्या पॅकेजमध्ये तयार टेम्प्लेटात नवरा-नवरी बसवायला शिकवतील. तेही कौशल्यच आहे, पण तुझ्या कामाचं नाही. जिंप नावाचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उतरवून घे. तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल, फुकट आहे, १९९६ पासून लोक वापरतायत. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर मूळ चित्राला धक्का न लावता वेगळे ठेवता येतात आणि नंतर बदलताही येतात. फोटोशॉपवाले इतकी वर्षं आम्हाला याच मुद्द्यावरून चिडवायचे. फोटोशॉपची नवी आवृत्ती २०१३ पासून भाड्यानेच मिळते. त्यावर कमाई होणार नसेल तर दर महिन्याला पैसे कशाला भरायचे? जिंपही नको वाटलं तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं, काही उतरवावं लागत नाही, आणि दिसायला जवळजवळ फोटोशॉपच.

आता आजोबांचा फोटो. काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच कर. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा बनतो. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये तो गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये बहुतेक नाहीसा होतो. जिंपमध्ये कलर्स, कॉम्पोनंट्स, डीकंपोज असं गेलीस/गेलास की तीन चॅनेल तीन लेयर (एकावर एक थर) म्हणून समोर येतात. लाल ठेव, बाकीचे दोन मिटवून टाक. ओलीचा डागही बराच हलका होईल.

मग लेव्हल्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची टोकं ठरवायचं हत्यार. फिक्या पडलेल्या फोटोत खरा काळा आणि खरा पांढरा उरतच नाही, म्हणून हिस्टोग्रामची (कुठली छटा किती आहे त्या आलेखाची) टेकडी मधेच कुठेतरी गोळा झालेली दिसेल. डावा त्रिकोण टेकडीच्या डाव्या पायथ्याशी आण, उजवा उजव्या. चेहरे एकदम वर येतात. क्लोन आणि हीलिंग (शेजारचा भाग उचलून डाग-रेघा झाकणं) त्यानंतर. बहुतेक जण उलट करतात: आधी तासभर रेघा पुसत बसतात, मग कॉन्ट्रास्ट वाढवतात आणि पुसलेल्या सगळ्या जागा ठिगळं लावल्यासारख्या उघड्या पडतात.

बाराबंदीचं उत्तर तुला आवडणार नाही. पांढरं २५५ ला, म्हणजे उजेडाच्या शेवटच्या पायरीला, जाऊन आपटलं असेल तर तिथे माहितीच उरलेली नाही. स्लायडर कितीही ओढ, राखाडी रंग येईल, कापडाच्या चुण्या येणार नाहीत. पुढच्या गड्ड्याला रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. एक्सपोजर (उजेडाचं माप) बाराबंदीवर धर, चेहरे अंधारात राहू देत, ते नंतर डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये उचलता येतात. हेही फुकटच आहे.

कडकभाकरी

काकू, 'गेलास'. बाकी सगळं वहीत उतरवून घेतलं.

टॉवेल_तिथे_मी

काकूंचा प्रतिसाद वाचून मी निवडक दहात टाकला. मला यातलं काही करायचं नाहीये, तरी.

शंकासुर

एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं शिकायचं कशाला? लेव्हल्स, कर्व्ह्ज, चॅनेल हे एआय दोन सेकंदांत करतंय. आज अ‍ॅपने नाक चुकवलं असेल, दोन वर्षांनी चुकवणार नाही. टाइपरायटरचे क्लासही एके काळी जोरात चालायचे. आठ जीबीच्या लॅपटॉपवर डोळे फोडण्यापेक्षा थांबा.

निगेटिव्हवाले_काका

@शंकासुर, अ‍ॅपने अण्णांना कधी पाहिलेलंच नाही, तर ते त्यांचं नाक आणणार कुठून? जे कागदावर उरलंय तेवढंच वर काढायचं असेल तर माणूसच लागेल. आणि शेजारी बसायला आत्या लागेल.

काकूंनी सांगितलंय ते सगळं बरोबर. मी थोडी जुनी भर घालतो. आमच्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग चालायचं. खालून उजेड, वर भिंग, शिसाला सुईसारखं टोक. सुरकुती निगेटिव्हवर पातळ दिसते, तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती उजळते. स्थळाला पाठवायचा फोटो असला की मुलीची आई मागे उभी राहून सांगायची, "अजून जरा." फोटोशॉप १९९० मध्ये आलं, सोलापुरातल्या मुली त्याच्या कितीतरी आधीपासून फोटोत गोऱ्या होत होत्या.

तुमच्या सॉफ्टवेअरमधलं डॉज आणि बर्न हेही डार्करूममधलंच. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) काडीला पुठ्ठ्याची चकती लावून चेहऱ्यावर सावली धरायची, तो डॉज. हाताची पोकळ मूठ करून तिच्यातून आकाशावर जास्त उजेड सोडायचा, तो बर्न. फोटोशॉपमधली चिन्हं नीट बघा: एकात काडी आणि चकती आहे, दुसऱ्यात हात. अनशार्प मास्कही आमचाच. निगेटिव्हची मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह काढायची आणि दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट करायचं, कडा ठसठशीत यायच्या.

कडकभाकरी, तुमचा फोटो जाळीदार पोताच्या कागदावर आहे का? तसा असेल तर स्कॅनरमध्ये ते पोत चमकून सगळ्या फोटोवर बारीक ठिपके येतील. एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो १८० अंशांत फिरवून पुन्हा करा. दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये उलटा फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि त्याची अपारदर्शकता ५० टक्के ठेवा. पोताच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच खोडतात.

हिस्टोग्राम_काकू

काका, १८० अंशांची युक्ती मला माहीत नव्हती. आजच करून बघते. आमच्या लग्नाचे सगळे फोटो त्याच खरबरीत कागदावर आहेत.

चादरवाला

माझा प्रश्न जरा धंद्यातला आहे, चालेल ना? पूर्व भागात आमचं चादर-टॉवेलचं दुकान. पोरगा आता ऑनलाइन विकतोय. लाल चादरीचा फोटो मोबाइलवर असा येतो की नक्षी गायब, नुसता लाल पट्टा. पोरगा त्यावर आणखी सॅच्युरेशन वाढवतो, म्हणे फोटो उठून दिसला पाहिजे. गिऱ्हाईक चादर परत पाठवतं, "फोटोत वेगळी होती." टॉवेलच्या फोटोत तर कापडावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात. या लाटा काय प्रकार आहे?

हिस्टोग्राम_काकू

@चादरवाला, चालेल काय, हाच तर खरा उपयोग. लाल रंगात लाल चॅनेल एकटाच २५५ ला पोचतो. बाकीचे दोन खाली असतात, म्हणून एकत्र हिस्टोग्राम बघून सगळं ठीकच वाटतं. तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. फोटो काढतानाच उजेड थोडा कमी ठेवायचा, म्हणजे धागे दिसतात. सॅच्युरेशनला हात लावायचा नाही, उलट लाल जरा खालीच ओढायचा. पहिल्या फोटोत चादरीवर एक पांढरा कागद ठेवा आणि व्हाइट बॅलन्सच्या (उजेडाची रंगछटा जुळवायच्या) ड्रॉपरने त्या कागदावर क्लिक करा. तीच सेटिंग बाकीच्या सगळ्या फोटोंना लावा. मात्र दुकानातली ट्यूबलाइट आणि दारातून येणारं ऊन एका फोटोत मिसळू देऊ नका, ते नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरला निस्तरत नाही.

लाटांना मॉअरे म्हणतात. कापडाची वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींत अडकली की होतं. थोडं मागे या किंवा पुढे जा, नाहीतर कॅमेरा किंचित तिरका धरा, बहुतेक वेळा जातं. फोटो काढून झाल्यावर लाटा काढत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

चादरवाला

आभारी आहे ताई. पोराला दाखवलं. म्हणतो, "हे मी सांगत होतो." कधी सांगत होता कुणास ठाऊक.

बाळीवेसचा_बाब्या

काकू, तुम्ही फ्लेक्सवाल्यांचा क्लास घ्या हो. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेत. सगळे नेते एकाच आईचे वाटतेत, गुलाबी गाल आणि कान पुसलेले. आमच्या गल्लीतल्या एकाला त्याच्याच बायकोनं वळखलं नाही.

मंद्रूपची_पाटलीण

कान पुसले जातात कारण गळ्यापासून कापताना घाईत फेदर (कडा विरवणं) जास्त लावतात. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते, शिव्या घालण्याआधी ऐका. रात्री आठला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, तोही ग्रुप फोटोतून कापलेला, अंगठ्याच्या नखाएवढं डोकं. सकाळी सहाला दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स चौकात पाहिजे. त्यात चौदा डोकी, आणि कोणाचं कोणापेक्षा लहान झालं तर दुकानात भांडण. गाल गुलाबी केले नाहीत तर "काळा दिसतोय" म्हणून पैसे कापतात. फोटो निदान डॉक्युमेंट म्हणून तरी पाठवत जा, साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा चुरा करून टाकतं.

आणि क्लासबद्दल म्हणाल तर मी क्लासच केलाय. पेन टूल (कडेने कापायचं) आणि मास्क (झाकायचं) तिथेच हाताखालून गेलं. घरी व्हिडिओ बघून मी महिनोन् महिने टाळलं असतं. शिकवणारा समोर बसलेला असला की हात चालतो. काकूंशी तेवढ्यापुरती असहमत.

माळरानावर

मी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जातो. माळढोक दिसणं आता फारच दुर्मीळ, पण काळवीट आणि नशीब असेल तर लांडगा. नवीन मुलं येतात, दुपारी बारा वाजता लांबूनच काळविटाचे फोटो काढतात आणि विचारतात, शार्प कसं करू? नाही होत. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते, त्यामुळे काळविटाची कडा फोटो काढतानाच वाकडी झालेली असते. शार्पनिंग लावलं की तो वाकडेपणाच ठसठशीत होतो. भल्या पहाटे जा. सॉफ्टवेअर मी वापरतो, पण क्रॉप, थोडा नॉइज (फोटोतले दाणे) आणि एक्सपोजर एवढ्यासाठीच. शिंगावर आलेली काटकीसुद्धा पुसत नाही.

शंकासुर

का नाही पुसत? काटकी गेल्याने काळविटाचं काय बिघडलं? बाब्याचं पोट कमी केलेलं चालतं आणि काटकी चालत नाही?

माळरानावर

बाब्याचं पोट हा वन्यजीव नोंदीचा भाग नाही.

बाळीवेसचा_बाब्या

😂😂 संरक्षित आहे पण.

प्रतिमाभंजक

शंकासुरांचा प्रश्न इतका उडवण्यासारखा नाही. फोटो कशासाठी आहे त्यावर रेघ ठरते. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकावर जवळ सरकवले होते. त्यावरून इतकी बोंब झाली की अजून पत्रकारितेच्या वर्गात ते उदाहरण देतात. रॉयटर्सने २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना सांगितलं की रॉ वर प्रक्रिया करून पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलं जेपेगच पाठवा. बातमीचा फोटो आणि वन्यजीवांचा फोटो एका बाजूला. चादरीचा फोटो दुसऱ्या बाजूला, तिथे रंग खरा हवा, पण मागची भिंत पुसली तर कोणाचं काही जात नाही. फ्लेक्सला तर कुठलीच रेघ नाही.

घरातला जुना फोटो मी बातमीच्या बाजूला धरतो. नातवंडांसाठी तो पुरावा आहे. त्यामुळे मूळ स्कॅनला हात न लावता वेगळा ठेवा आणि सुधारलेल्या प्रतीच्या नावात तसं लिहा. नाहीतर वीस वर्षांनी घरात ती अ‍ॅपवाली प्रतच 'अण्णांचा फोटो' म्हणून फिरेल.

टॉवेल_तिथे_मी

आमच्याकडे फिरतेय ऑलरेडी. पणजोबांना जॉलाइन आलीय आणि धोतराला इस्त्री.

शंकासुर

बरं, चेहऱ्यांचं मान्य. पण भिंतीवरच्या रेघा, आकाशातले ठिपके, जमीन? तिथे एआयला लावा की कामाला. हाताने क्लोन करत बसण्यात कसलं पुण्य?

निगेटिव्हवाले_काका

तिथे लावा, माझी काही हरकत नाही. वेगळ्या लेयरवर त्याचं काम घ्या आणि मास्कने चेहरे, हात आणि पाटी झाकून टाका. मास्क पांढरा तिथे दिसतं, काळा तिथे झाकलं जातं, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरतं.

अक्कलकोट_रोड

अवांतर: कोणाकडे लक्ष्मी-विष्णू मिलचे जुने फोटो आहेत का? माझे वडील तिथे होते. भोंगा ऐकून घड्याळ लावायचे म्हणतात.

टॉवेल_तिथे_मी

@अक्कलकोट_रोड, नवा धागा काढा, इथे हरवेल. माझ्याकडे चिमणीचा एक आहे.

कडकभाकरी

मंडळी, मधले दिवस लॅपटॉपला चिकटून होतो. लाल चॅनेलची युक्ती जबरदस्त आहे. कोपऱ्यातला ओलीचा डाग जवळजवळ गेला आणि त्याच्याखाली एक माणूस निघाला! म्हणजे तो होताच, पण आजवर आम्ही तिथे भिंत समजत होतो. पाटीवरची तारीख अजून लागत नाही, 'खाते' एवढं वाचता येतंय. कागद गुळगुळीत निघाला, त्यामुळे काकांच्या १८० अंशांची गरज पडली नाही. लेव्हल्सनंतर कर्व्ह्जही लावले, मधला भाग किंचित वर उचलल्यावर टोप्यांखालचे डोळे दिसायला लागले.

आता अडलंय ते घडीपाशी. ती रेघ दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाच्या डाव्या डोळ्यावरून जाते. तिथे कागदाचा थरच उडालाय, खाली काहीच नाही. उजवा डोळा कॉपी करून उलटा बसवू का? व्हिडिओत तसंच करतात.

हिस्टोग्राम_काकू

करता येतं, पण उजेड एका बाजूने असेल तर उलटवलेला डोळा लगेच खोटा वाटतो. चमक चुकीच्या बाजूला जाते. गालावरून आणि कपाळावरून रेघ पुसून घे. डोळ्यावरची फक्त हलकी कर, म्हणजे पांढरी न दिसता आजूबाजूच्या राखाडी छटेची दिसेल. हीलिंग ब्रश वेगळ्या पारदर्शक लेयरवर चालव, म्हणजे आत्याला पटलं नाही तर लेयर बंद करता येईल.

प्रतिमाभंजक

उलटा डोळा नको. तो माणूस कोणाचा तरी अण्णा आहे.

मंद्रूपची_पाटलीण

मी असते तर बसवला असता. रात्री आठला आलेल्या फोटोत इतका विचार कोण करतं. पण तुमच्याकडे वेळ आहे, काकूंचं ऐका.

कडकभाकरी

ठीक, हलकीच करतो. शेवटचा प्रश्न. मूळ फोटो साधारण ४ बाय ६ इंचाचा आहे. आत्याला १२ बाय १८ ची फ्रेम पाहिजे, हॉलमध्ये लावायला. मी ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलंय. ९०० ला परत करू का?

निगेटिव्हवाले_काका

६०० ला तुमच्याकडे २४०० बाय ३६०० पिक्सेल आले. इंचाला ३०० च्या हिशोबाने ८ बाय १२ ची प्रिंट उत्तम निघेल. ९०० ला केलंत तर आकडा १२ बाय १८ चा जमेल, पण कागदी प्रिंटमध्ये तेवढा तपशील मुळातच नसतो, कागदाचे दाणे तेवढे मोठे होतात. ६०० चाच ठेवा आणि टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) जपा. आत्याला ८ बाय १२ ची प्रिंट करून मोठ्या माउंटमध्ये बसवून द्या. बाहेरची फ्रेम १२ बाय १८ ची घ्या, त्यांचं मापही राहील.

लॅबला देताना एसआरजीबी (नेहमीच्या रंगपद्धतीचं) जेपेग द्या आणि 'करेक्शन करू नका' असं तोंडी न सांगता पाकिटावर लिहा. आधी ४ बाय ६ ची एकच प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. लॅपटॉपचा ब्राइटनेस बहुतेक फार ठेवलेला असतो, प्रिंट काळपट आली तर दोष तिथे शोधा.

कडकभाकरी

लिहितो पाकिटावर. माउंटचं आत्याला पटवणं हे वेगळं काम आहे, त्याला कुठलं सॉफ्टवेअर असेल तर सांगा.

बाळीवेसचा_बाब्या

ते जाऊ दे, माझं पोट कधी करतोस? मुलीकडचे रविवारी येणारेत.

माळरानावर

@बाब्या, ते प्रत्यक्ष येणार आहेत ना?